अर्जदाराचा रकाना

ढाक्यात, हायकोर्टाच्या जुन्या इमारतीत,
दुसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या बरोबर खाली
मी बसतो. नाव तोफज्जल, काम पेशकारीचं.
एकोणतीस वर्षं फायलींना दोरी बांधतोय.
दोरीला लाल म्हणायची पद्धत आहे. असते गुलाबी,
आणि एका पावसाळ्यानंतर तीही नसते.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
खरंच आहे.
पण कधीमधी, वर्षातल्या एखाद्या सकाळी,
कोर्टच पायरी उतरतं.

त्या मंगळवारी न्यायमूर्तींच्या कोटाच्या खिशात
कात्रण होतं. सातवं पान, चार ओळी,
भोवती पेन्सिलीचं वेडंवाकडं वर्तुळ.
कुरिग्रामकडचा, ब्रह्मपुत्रेतल्या वाळूच्या बेटावरचा
इद्रिस माझी, नावाडी.
अकरा वर्षं तुरुंगात. खटला नाही, तारीख नाही.
कागद पुरात गेले, असं जेलर म्हणतो.
माणूस तेवढा राहिला.

समोर कुणी वकील उभा नव्हता.
तिकीट नाही, वकीलपत्र नाही, अंगठासुद्धा नाही.
न्यायमूर्तींनी चष्मा पुसला, घातला, परत पुसला.
सरकारी वकिलाला विचारलं, "हे वाचलंत?"
त्यानं वाचलं नव्हतं.
आम्ही सगळ्यांनीच तो पेपर वाचला होता,
क्रिकेटपर्यंत.

"लिहून घ्या. सुओ मोटो."

प्रतिवादी : राज्य, गृहसचिव, तुरुंग अधीक्षक.
भराभर उतरले.
'अर्जदार' या शब्दापुढे बोट अडलं.
इद्रिसला यातलं काहीच ठाऊक नाही.
त्याची बायको अंबिया दुसऱ्या बेटावर गेली,
कारण पहिलं बेट नदीनं नेलं.
शेवटी लिहिलं : न्यायालय, आपण होऊन.
एकोणतीस वर्षांत या इमारतीत आपण होऊन
मी फक्त छप्पर गळताना पाहिलंय.

आणि माझी बहीण? रोकेया,
मयमनसिंगच्या अडीच कट्ठ्यांसाठी सोळा वर्षं
याच इमारतीत, जिन्याजवळच्या खोलीत, फायलीच्या रूपानं पडून आहे.
तिच्याकडे तिकीट आहे, वकीलपत्र आहे,
अंगठा तर इतक्यांदा दिलाय की शाई आता नखात राहते.
दर ईदला फोन करते, "तुझ्या साहेबांना सांग ना."
मी म्हणतो, सांगता येत नाही गं,
त्यांना ते आपलं आपण दिसावं लागतं.
ती थोडा वेळ बोलत नाही.
मग शेवयांचं विचारते.

पाचव्या आठवड्यात इद्रिसला आणलं.
सलाम कुणाला करायचा कळेना,
त्यानं आधी पंख्याला केला, मग मला.
हळूच विचारलं, "अर्ज कुणी केला?"
कुणीच नाही, मी म्हणालो.
"मग फी?"
नाही.
तो घाबरला.
अकरा वर्षांत फुकट मिळालेली
एकच वस्तू त्याला माहीत होती, कोठडी.

सुटल्याचा हुकूम मीच टाइप केला.
कात्रण पुराव्यात लावायचं म्हणून झेरॉक्सला नेलं,
काचेवर ठेवताना उलटं पडलं.
मागं जाहिरात. हरवला आहे.
वय नऊ, निळी चड्डी, बोलताना अडखळतो.
कात्री नाकावरून गेलेली, एकच डोळा शिल्लक,
आणि फोनचे पहिले पाच आकडे.

झेरॉक्स एकाच बाजूची काढायची असते.
मी काढली. दोरी बांधली.

संध्याकाळी नीलखेतच्या रद्दीवाल्याकडे गेलो.
त्याच्याकडे आदल्या दिवसाचा अंक होता, नंतरच्याचाही.
मधल्यात कुणी भजी बांधून नेली असतील.
मी गठ्ठे उपसत राहिलो, दिवे लागेपर्यंत.
"काका, कुणी पाठवलंय का?" पोरगा म्हणाला.
नाही म्हटलं.
कुणी नाही.